विश्लेषण : ताऱ्यांत मूलद्रव्ये घडतात हे दाखवणाऱ्या फ्रेड हॉईल यांचे नाव ‘आणि इतर’मध्ये कसे हरवले?

भौतिकशास्त्राचे १९८३ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा त्यात दोन नावे होती. ताऱ्यांची रचना आणि उत्क्रांती यांवरील सैद्धांतिक कामासाठी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि विश्वातली मूलद्रव्ये घडवणाऱ्या अणुकेंद्रीय प्रक्रियांच्या अभ्यासासाठी विल्यम फाउलर. एका विषयाचे नोबेल जास्तीत जास्त तिघांना विभागून देता येते. म्हणजे एक जागा रिकामी होती. ती जागा फ्रेड हॉईल यांची होती, असे तेव्हा अनेक खगोलशास्त्रज्ञांना वाटले आणि आजही वाटते.

हॉईल यांना जाऊन आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. पण संशोधनाचे श्रेय कोणाचे, ते मोजायचे कसे आणि मोजताना काय निसटते, हे समजून घ्यायचे असेल तर त्यांच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण मिळणे कठीण. आज देशात प्राध्यापकाची बढती, पीएचडीनंतरची नोकरी, विद्यापीठाचे एनआयआरएफ मानांकन या सगळ्यांत शोधनिबंधांची आणि त्यांच्या सायटेशनची संख्या धरली जाते. म्हणून हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही.

फ्रेड हॉईल कोण होते?

इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातल्या बिंगलीजवळच्या गिलस्टेड या खेड्यात २४ जून १९१५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील कापडाचे व्यापारी, आई संगीत शिकलेली. पोरगा हुशार, पण शाळेला दांड्या मारण्यात पटाईत. लहानपणचा एक प्रसंग ते स्वतः सांगत. एका फुलाला पाच पाकळ्या असतात असे बाईंनी वर्गात सांगितले. फ्रेडने शोधून आणलेल्या फुलाला सहा पाकळ्या होत्या. त्यावरून वाद झाला आणि कानाखाली बसली. पुढे त्या कानाने ऐकू येणे कमी झाले, ते त्या फटक्यामुळेच, असे त्यांचे मत होते. समोर पुरावा असेल तर कुणाचेही ऐकायचे नाही, हा स्वभाव मात्र शेवटपर्यंत टिकला. त्याचा त्यांना फायदाही झाला आणि तोटाही.

बिंगलीच्या शाळेतून ते केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात गेले, गणितात चमकले आणि १९३९ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजचे फेलो झाले. त्याच वर्षी युद्ध सुरू झाले. ब्रिटिश नौदलासाठी रडारचे काम करताना त्यांना हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड हे दोन सहकारी मिळाले. दिवसा रडार आणि रात्री खगोलशास्त्राच्या गप्पा, असा हा काळ होता.

१९४४ मध्ये रडारच्याच कामासाठी ते अमेरिकेला गेले. सवड काढून त्यांनी कॅलिफोर्नियात वॉल्टर बाडे या खगोलशास्त्रज्ञाची भेट घेतली. बाडे यांच्याकडून सुपरनोव्हाबद्दल, म्हणजे स्फोट होऊन मरणाऱ्या ताऱ्यांबद्दल, ताजी माहिती मिळाली. त्याच दौऱ्यात कॅनडात ब्रिटिश अणुशास्त्रज्ञ काय करत असावेत, याचाही त्यांनी अंदाज बांधला. प्लुटोनियमच्या बॉम्बमध्ये गोळा आतल्या आत दाबला जातो. मग ताऱ्याचा गाभा असाच आत कोसळला तर? तिथे तापमान किती चढेल आणि त्या तापमानाला अणुकेंद्रांचे काय होईल? हे दोन धागे त्यांनी जोडले.

त्यांनी मांडले तरी काय?

त्या वेळी एवढे माहीत होते की सूर्यासारखे तारे हायड्रोजनपासून हेलियम बनवतात आणि त्यातून प्रकाश व उष्णता देतात. हान्स बेथे यांनी १९३९ मध्ये ही प्रक्रिया उलगडून दाखवली होती. पण कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, लोखंड ही जड मूलद्रव्ये आली कुठून, याचे समाधानकारक उत्तर नव्हते.

१९४६ मध्ये हॉईल यांनी एक शोधनिबंध लिहिला. हायड्रोजनपासून सुरुवात करून जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटातच घडतात, कोसळणाऱ्या गाभ्यात तापमान अब्जावधी अंशांवर जाते आणि तिथे लोखंडापर्यंतची मूलद्रव्ये तयार होतात, असे त्यात होते. निबंधावर नाव एकट्या हॉईल यांचे. वय ३१.

त्याच सुमारास जॉर्ज गॅमो दुसरी बाजू मांडत होते. त्यांच्या मते सगळी मूलद्रव्ये विश्वाच्या आरंभीच्या प्रचंड उष्णतेत काही मिनिटांत तयार झाली. त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी राल्फ अल्फर याने १९४८ मध्ये यावर निबंध लिहिला. लेखकांची यादी वाचताना ‘अल्फा, बीटा, गॅमा’ असे वाटावे म्हणून गॅमो यांनी मधे हान्स बेथे यांचे नाव घातले. बेथे यांचा त्या कामात वाटा नव्हता. निबंध प्रसिद्ध झाला १ एप्रिलला. गंमत गॅमो यांची झाली. किंमत मोजली अल्फरने. दोन बड्या नावांमध्ये आपला वाटा झाकला गेला, ही खंत त्याला आयुष्यभर राहिली. लेखकांच्या यादीतल्या एका नावाने काय होऊ शकते, त्याचा हा पहिला धडा.

गॅमो यांच्या मार्गात मात्र एक अडथळा होता. पाच किंवा आठ वस्तुमानांकाचे एकही अणुकेंद्र स्थिर नाही. त्यामुळे एकेक कण जोडत जड मूलद्रव्यांपर्यंत जाणारी साखळी हेलियमपाशीच तुटते. ही दरी फक्त ताऱ्यात ओलांडता येते. कशी, हे हॉईल यांनी १९५३ मध्ये दाखवले.

कार्बनचे कोडे कसे सुटले?

दोन हेलियम केंद्रे एकत्र आली की बेरिलियम-८ तयार होते, पण ते सेकंदाच्या अतिशय सूक्ष्म अंशात फुटते. तेवढ्यात तिसरे हेलियम येऊन धडकले तर कार्बन तयार होईल. एडविन सालपीटर यांनी १९५२ मध्ये ही प्रक्रिया मांडली होती. अडचण अशी की या वेगाने विश्वात दिसतो तेवढा कार्बन तयार होत नव्हता.

हॉईल यांनी उलट्या बाजूने विचार केला. कार्बन भरपूर आहे, हे तर दिसतेच. म्हणजे ही प्रक्रिया वेगाने होत असणार. ती वेगाने व्हायची तर कार्बनच्या केंद्राला एका ठरावीक ठिकाणी, तळपातळीपेक्षा सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट वर, एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे. अमेरिकेतल्या कॅलटेकच्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी हा दावा केला. फाउलर यांना सुरुवातीला तो पटला नाही. पण वॉर्ड व्हेलिंग यांच्या गटाने प्रयोग केला आणि पातळी जवळजवळ सांगितलेल्या जागीच सापडली. आज तिला ‘हॉईल स्टेट’ म्हणतात. ताऱ्यांकडे पाहून अणुकेंद्राच्या आतले भाकीत करण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

इथेही लेखकांची यादी पाहण्यासारखी आहे. या शोधाच्या पहिल्या छोट्या टिपणावर पहिले नाव हॉईल यांचे होते. त्यांनी यंत्राला हातही लावला नव्हता, पण काय शोधायचे ते त्यांनीच सांगितले होते. नंतर आलेल्या सविस्तर प्रायोगिक निबंधावर फक्त प्रयोग करणाऱ्यांची नावे होती. कल्पनेला एका ठिकाणी आणि श्रमाला दुसऱ्या ठिकाणी मान मिळाला. इतकी स्वच्छ वाटणी फार वेळा होत नाही.

तारा जन्मभर काय करतो?

१९५४ मध्ये हॉईल यांनी पुढचा निबंध लिहिला. कार्बनपासून निकेलपर्यंतची मूलद्रव्ये अतितप्त ताऱ्यांत कशी तयार होतात, हा त्याचा विषय. आज पाठ्यपुस्तकात असणारे मोठ्या ताऱ्याच्या आयुष्याचे चित्र मुळात या निबंधात आहे.

ताऱ्याचे गणित साधे आहे. गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढते आणि गाभ्यातल्या उष्णतेमुळे निर्माण झालेला दाब त्याला बाहेर ढकलतो. गाभ्यातला हायड्रोजन संपला की दाब कमी पडतो, गाभा आकसतो आणि आकसल्यामुळे आणखी तापतो. मग पुढचे इंधन पेटते. हेलियमपासून कार्बन आणि ऑक्सिजन, कार्बनपासून निऑन आणि मॅग्नेशियम, ऑक्सिजनपासून सिलिकॉन आणि गंधक, सिलिकॉनपासून लोखंडाच्या गटातली मूलद्रव्ये. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक थर तयार होतात.

प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा झपाट्याने उरकतो. सूर्याच्या सुमारे २५ पट वस्तुमानाच्या ताऱ्यासाठी आजची गणिते असे सांगतात :

• हायड्रोजन : सुमारे ७० लाख वर्षे
• हेलियम : सुमारे ७ लाख वर्षे
• कार्बन : सुमारे ६०० वर्षे
• निऑन : सुमारे १ वर्ष
• ऑक्सिजन : सुमारे ६ महिने
• सिलिकॉन : सुमारे १ दिवस

लोखंडापाशी खेळ थांबतो. लोखंडाच्या पुढे संमीलन केले तर ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. गाभा कोसळतो, सुपरनोव्हाचा स्फोट होतो, थर अवकाशात उधळले जातात आणि मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरते. उधळलेल्या मालातून पुढच्या पिढीचे तारे आणि ग्रह घडतात. सूर्यासारखा लहान तारा इतक्या लांब जात नाही. तो तांबडा महाकाय होतो, बाहेरचे थर सोडून देतो आणि श्वेत बटू म्हणून थंड होत जातो.

मग १९५७ मध्ये काय झाले?

त्या वर्षी ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’ या नियतकालिकात शंभराहून अधिक पानांचा निबंध आला. लेखक चार. मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉईल. नावे इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने. खगोलशास्त्रात हा निबंध ‘बी स्क्वेअर एफ एच’ या लाडक्या नावाने ओळखला जातो.

काम खरोखर चौघांचे होते. मार्गारेट बर्बिज यांची ताऱ्यांच्या वर्णपटाची निरीक्षणे त्यात होती. माउंट विल्सन वेधशाळेत तेव्हा स्त्रियांना निरीक्षणाची वेळ मिळत नसे. पती जेफ्री यांच्या मदतनीस म्हणून त्यांनी तिथे दुर्बीण वापरली. फाउलर यांच्या प्रयोगशाळेतले आकडे त्यात होते. लोखंडापलीकडची सोने, युरेनियम यांसारखी मूलद्रव्ये न्यूट्रॉन गिळत कशी वाढतात, याचे सविस्तर विवेचन होते. निबंध गाजला आणि ताऱ्यांतील मूलद्रव्यनिर्मितीवर काही लिहायचे तर तोच उद्धृत करायचा, असा रिवाज पडला.

इथेच घोळ झाला. शोधनिबंधात संदर्भ देताना लेखक जास्त असतील तर पहिले नाव लिहून पुढे ‘आणि इतर’ म्हणतात. त्यामुळे हा निबंध ‘बर्बिज आणि इतर, १९५७’ झाला. वर्णमालेत शेवटी येणारे हॉईल ‘इतर’मध्ये गेले. दुसरे नुकसान त्याहून मोठे होते. लोखंडापर्यंतच्या मूलद्रव्यांची कथा १९४६ आणि १९५४ च्या एकट्या हॉईल यांच्या निबंधांत होती. १९५७ च्या निबंधाचा भर दुसरीकडे होता. पण लोक सगळ्यासाठी १९५७ चाच हवाला देऊ लागले आणि जुने दोन निबंध मागे पडले.

अमेरिकी खगोलभौतिकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लेटन यांनी २००७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात नेमके हेच दाखवून दिले. त्यांनी एक कारणही सांगितले. १९५४ च्या निबंधात हॉईल यांनी मुख्य कल्पना शब्दांत मांडली, ती एका ठळक समीकरणात लिहिली नाही. समीकरण असते तर लोकांनी ते उचलले असते आणि त्याखाली त्यांचे नाव टिकले असते. क्लेटन यांनी ते समीकरण लिहून त्याला हॉईल यांचे नाव दिले.

याच काळात अ‍ॅलिस्टर कॅमेरॉन यांनी कॅनडात स्वतंत्रपणे बरेचसे तसेच काम केले होते. त्यांचे सविस्तर लेखन १९५७ मध्ये एका प्रयोगशाळेच्या अहवालात आले. अहवाल किती जणांच्या हाती पडणार? काय लिहिले याइतकेच कुठे छापले यालाही महत्त्व असते, ते असे.

सायटेशन मोजतात कसे?

एखाद्या निबंधाचा संदर्भ पुढच्या किती निबंधांनी दिला, ती संख्या म्हणजे सायटेशन. हे पद्धतशीर नोंदवण्याची कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ पासून त्यांची सूची नियमित निघू लागली. म्हणजे हॉईल यांचे दोन्ही मूळ निबंध या मोजपट्टीच्या जन्माआधीचे. आज प्रामुख्याने तीन आकडे वापरात आहेत.

इम्पॅक्ट फॅक्टर : हा नियतकालिकाचा आकडा. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी एकूण किती सायटेशन मिळाली, त्याला त्या लेखांच्या संख्येने भागायचे. तो एका निबंधाचा किंवा एका व्यक्तीचा दर्जा सांगत नाही. तरी त्यासाठी सर्रास वापरला जातो.

एच-इंडेक्स : हा व्यक्तीचा आकडा. होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. समजा तुमच्या पाच निबंधांना ४०, १२, ५, ३ आणि १ अशी सायटेशन आहेत. किमान ३ सायटेशन असलेले निबंध तीन तरी आहेत, पण किमान ४ असलेले चार नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ३. आता एखाद्याने आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि त्याला ५,००० सायटेशन मिळाली, तर त्याचा एच-इंडेक्स १.

एकूण सायटेशन : सगळ्यांची बेरीज. चार लेखकांचा निबंध असेल तर ती चौघांच्याही खात्यात सहसा पूर्णच्या पूर्ण जमा होते. कोणी किती केले, हा प्रश्नच येत नाही.

यातला एकही आकडा संदर्भ कौतुकासाठी दिला की खोडून काढण्यासाठी, हे सांगत नाही. आणि एखादी गोष्ट इतकी सर्वमान्य झाली की तिचा संदर्भ देणेच बंद होते, हेही तो पकडत नाही. तारे मूलद्रव्ये बनवतात, हे वाक्य लिहिताना आज कोणी १९४६ चा निबंध उद्धृत करत नाही.

लेखकांच्या क्रमाचेही तसेच. गणितात आणि कणभौतिकीत नावे बहुधा वर्णानुक्रमे येतात. जीवशास्त्रात पहिले नाव मुख्य काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या निबंधाला तर ५,१५४ लेखक होते. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी चौघांच्या प्रोजेक्टवर पेपर काढताना कोणाचे नाव आधी आणि काम न केलेल्याचे नाव घालायचे की नाही, यावरून झालेली भांडणे अनेकांना आठवत असतील. प्रश्न तोच, फक्त पातळी वेगळी.

नोबेल का मिळाले नाही?

अधिकृत कारण कोणालाच ठाऊक नाही, कारण नोबेल समितीची कागदपत्रे ५० वर्षे गुप्त राहतात. तर्क अनेक आहेत. पल्सारच्या शोधाचे १९७४ चे नोबेल अँटनी ह्यूइश यांना मार्टिन राइल यांच्यासह मिळाले. पल्सारचा संकेत मुळात ज्या विद्यार्थिनीच्या लक्षात आला त्या जोसेलिन बेल यांना वगळले गेले. शोधनिबंधात पाच लेखकांत त्यांचे नाव दुसरे होते. हॉईल यांनी याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. तो त्यांना भोवला, असे काही जण मानतात.

दुसरा तर्क त्यांच्या इतर मतांचा. विश्वाला आरंभ नाही, ते सदैव असेच आहे, हा स्थिर स्थिती सिद्धांत त्यांनी आणि बाँडी-गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडला. विरोधी कल्पनेला ‘बिग बँग’ हे नाव त्यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर दिले. १९६५ मध्ये विश्वातील सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि बहुतेकांनी महास्फोट मान्य केला. हॉईल यांनी केला नाही. पुढे फ्लूसारखे विषाणू अवकाशातून येतात, आर्किऑप्टेरिक्सचा जीवाश्म बनावट आहे, असे दावेही त्यांनी केले. ते टिकले नाहीत.

खुद्द फाउलर यांनी मात्र नोबेलच्या निमित्ताने लिहिलेल्या आत्मचरित्रात्मक टिपणात, ताऱ्यांत मूलद्रव्ये घडतात ही संकल्पना प्रथम हॉईल यांनी १९४६ मध्ये प्रस्थापित केली, असे नमूद केले आहे. म्हणजे श्रेयाबद्दल विजेत्याच्या मनात शंका नव्हती. उशिरा का होईना, १९९७ मध्ये स्वीडिश विज्ञान अकादमीनेच हॉईल आणि सालपीटर यांना क्राफर्ड पारितोषिक दिले. २० ऑगस्ट २००१ रोजी हॉईल यांचे निधन झाले.

महाराष्ट्राशी नाते काय?

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर हे हॉईल यांचे विद्यार्थी. केंब्रिजमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली नारळीकरांनी १९६३ मध्ये पीएचडी मिळवली आणि १९६४ मध्ये दोघांनी मिळून मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत ‘हॉईल-नारळीकर’ या जोडनावाने ओळखला गेला. गुरूने विद्यार्थ्याचे नाव सिद्धांतात बरोबरीने ठेवले. हॉईल यांनी केंब्रिजमध्ये उभारलेल्या संस्थेत नारळीकरांनी काम केले. नेमणुकीवरून झालेल्या वादात हॉईल यांनी १९७२ मध्ये केंब्रिजचा राजीनामा जाहीर केला आणि त्याच वर्षी नारळीकर मुंबईत टीआयएफआरला आले. पुढे १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रातले एक नगर केंब्रिज आहे. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले.

आता बदल होतो आहे का?

थोडा. अनेक नियतकालिके आता कल्पना कोणाची, प्रयोग कोणाचा, लेखन कोणाचे हे वेगवेगळे नोंदवायला लावतात. त्यासाठी १४ भूमिकांची एक प्रमाण यादी आहे. नेमणुका आणि बढत्यांत इम्पॅक्ट फॅक्टरवर विसंबू नये, असे आवाहन करणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यावर जगभरातल्या हजारो संस्थांनी आणि व्यक्तींनी सह्या केल्या आहेत. तरी अर्जात आकडा भरायचा रकाना गेलेला नाही, कारण शंभर अर्जदारांचे निबंध वाचण्यापेक्षा शंभर आकडे उतरत्या क्रमाने लावणे सोपे असते.

१९५४ चा निबंध कोणाच्या आकड्यात फारसा दिसत नव्हता. त्याचे मोल कळले ते क्लेटन यांनी तो काढून वाचला तेव्हा. आणि १९८३ मध्ये समितीने नेमका काय विचार केला, त्याची कागदपत्रे ५० वर्षांच्या नियमानुसार २०३४ मध्ये खुली होतील. तेव्हा ती रिकामी जागा का राहिली, याचे उत्तर कदाचित मिळेल.